‘स्मृतिचित्रे’मधला ‘निर्णायक क्षण’ मी का खोडला

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

पेटचा अभ्यास कसा करायचा, सिनॉप्सिस किती पानांचा हवा, गाईड कसे निवडायचे, हे तुम्ही मला नेहमी विचारता. त्याची उत्तरं देणं तसं सोपं असतं. एक प्रश्न मात्र बहुतेक जण सगळ्यात शेवटी, जरा आवाज खाली आणून विचारतात. ‘माझं वय ३६ आहे. आता उशीर झालाय का?’ परवा एका शिक्षिकेनं त्यात आणखी भर घातली. ती म्हणाली, ‘ताई, हे काम आपलं आहे असं मला फार वर्षं आतून वाटतंय. देवानंच सांगून ठेवल्यासारखं. पण भीती जात नाही. भीती गेली की फॉर्म भरीन.’

तिला उत्तर द्यायचं म्हणून माझा हात आपोआप टेबलावरच्या पुस्तकाकडे गेला. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. असा प्रश्न आला की मराठीत हेच पुस्तक पुढे केलं जातं. ‘बघा, लग्नाच्या वेळी अक्षरओळख नव्हती, आणि साठी उलटल्यावर केवढं आत्मचरित्र लिहिलं!’ यात खोटं काही नाही. पण या पुस्तकावर दोन वर्षं काम करताना मला असं वाटायला लागलंय की ही शाबासकी देताना आपण पुस्तक अर्धंच वाचतो, आणि ज्या अर्ध्यात त्या शिक्षिकेच्या प्रश्नाचं उत्तर आहे नेमकं तेच सोडून देतो. म्हणून आज तिला पाठवलेलं उत्तर जरा विस्तारानं इथे मांडतेय. मी स्वतः या वाचनात कुठे चुकले तेही सांगते, कारण तीच चूक तुमच्याकडून व्हायची शक्यता दाट आहे.

आधी थोडी माहिती

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या गोखले, नाव मनकर्णिका. ११ व्या वर्षी त्यांचं लग्न नारायण वामन टिळकांशी झालं. टिळक कवी, विद्वान, उदार आणि संसाराच्या दृष्टीनं अगदी बेभरवशाचे. कधी कुठे निघून जातील आणि घरातलं काय कुणाला देऊन टाकतील याचा नेम नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं त्यांना ‘नवा करार’ वाचायला दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा २६ वर्षांच्या. पदरात लहान मुलगा. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधारानं, पंढरपूरला आणि इतरत्र, नवऱ्यापासून दूर राहिल्या. मग अहमदनगरला आल्या, पण स्वतःची चूल, स्वतःचं पाणी, स्वतःचं सोवळं सांभाळून. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यानंतर मुंबई, कराची असा प्रवास करत त्या पुन्हा नाशिकला आल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं नाशिकलाच निधन झालं.

एवढ्या तारखा मी एका दमात सांगितल्या. पुस्तकात मात्र त्या अशा येत नाहीत. लक्ष्मीबाई तारखांच्या फारशा नादी लागत नाहीत. त्यांच्या आठवणी स्वयंपाकघर, आजारपण, प्रवास आणि भांडण यांच्या खुंट्यांना टांगलेल्या असतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझी चूक

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात एक उपशीर्षक होतं, ‘निर्णायक क्षण’. त्याखाली मी राहुरीचा प्रसंग घेतला होता. पुस्तक वाचलेल्यांना तो आठवत असेल. जातिभेद देवानं केले की माणसांनी, असा प्रश्न लक्ष्मीबाईंना पडतो. त्या त्यावर विचार करत जातात आणि हे सगळं माणसांचं काम आहे अशा निष्कर्षाला येतात. यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं असं त्या ठरवतात. मी लिहिलं होतं, ‘इथे भीती संपते आणि नवं आयुष्य सुरू होतं.’ वाक्य मला फार आवडलं होतं.

माझ्या मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीनं तीनच शब्द लिहिले. ‘मग आधीचं काय?’

मी थोडी चिडले. मग पुन्हा वाचायला बसले, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, दुपारी पंखा डोक्यावर घरघरत असताना. आणि लक्षात आलं की ‘निर्णायक’ म्हणता येतील असे प्रसंग पुस्तकात निदान तीन आहेत. पहिला, धर्मांतर केलेल्या नवऱ्याजवळ येऊन राहायचं ठरवतात तो. तेव्हा धर्म बदलायचा विचारही नसतो, चूलसुद्धा वेगळी असते. दुसरा राहुरीचा. तो जातीबद्दल आहे, अन्नपाण्याबद्दल आहे. ख्रिस्तावर विश्वास ठेवण्याचा निर्णय तो नव्हे. तिसरा बाप्तिस्म्याचा. यातला एकही आधीच्याशिवाय उभा राहत नाही आणि एकानंही सगळं आटोपत नाही. तीन निर्णायक क्षण असतील तर त्यातला निर्णायक कुठला? मी ते उपशीर्षक खोडलं.

मी तो एक क्षण का शोधत होते, याचा नंतर विचार केला. धर्मांतराच्या कथांचा एक साचा आपल्या डोक्यात पक्का असतो. दमिष्काच्या वाटेवर पौलाला लख्ख प्रकाश दिसला आणि तो बदलला, ही गोष्ट ख्रिस्ती नसलेल्यांनाही ऐकून माहीत असते. आपल्याकडची वाल्याची गोष्टही आपण तशीच सांगतो. वास्तविक अंगावर वारूळ चढेपर्यंत तो बसून राहिला हा तिचा मोठा भाग, पण आपल्याला आठवतो तो नारदाचा प्रश्न. नारायणराव टिळकांची गोष्ट या साच्यात छान बसते. आगगाडी, अनोळखी माणूस, पुस्तक, दोन वर्षांत बाप्तिस्मा. मी बायकोची गोष्टही नवऱ्याच्याच साच्यात ओतत होते. मजकूर माझ्यासमोर होता, तरी मला साचाच दिसत होता.

भीती राहते कुठे?

आता मूळ मुद्दा. ‘स्मृतिचित्रे’मधली भीती कशाची आहे?

वरवर पाहता उत्तर सोपं वाटतं. धर्म बुडेल याची, समाज वाळीत टाकेल याची. पण पुस्तकाची सुरुवात काळजीपूर्वक वाचा. लक्ष्मीबाईंच्या आजोळी १८५७ च्या धामधुमीत फाशीची घटना घडलेली आहे. वडिलांच्या मनानं जो धसका घेतला तो सोवळ्याच्या रूपानं घरभर पसरला, असं त्यांच्या सांगण्यावरून दिसतं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. कुणाचा स्पर्श झाला, कुठे शिंतोडा उडाला, यावर दिवसभर पहारा. आणि या पहाऱ्याचा सगळा भार आईवर.

म्हणजे मनूला भीती कुणी उपदेश करून शिकवली नव्हती. ती तिनं हातांनी आणि डोळ्यांनी उचलली, घागर कुठे ठेवायची, पदर कुठे लागू द्यायचा नाही, हे शिकता शिकता. त्या भीतीच्या मुळाशी दुसऱ्या पिढीचा दुसराच धक्का होता, जो या पोरीनं पाहिलाही नव्हता. वारशात घर मिळतं तशी ही भीती तिला मिळाली.

हे पाहिल्यावर पुढची कथा वेगळी दिसायला लागते. हातात बसलेली भीती डोक्यानं विचार करून जात नाही. तिला हातांच्याच वाटेनं बाहेर पडावं लागतं. म्हणून या पुस्तकात धर्मचर्चा कमी आणि पाणी जास्त आहे. कुणाच्या विहिरीचं पाणी, कुणी भरलेलं पाणी, कुणाच्या चुलीवरचा भात. धर्मांतराचं आत्मचरित्र म्हणून हे वाचायला घेणारे कधी कधी निराश होतात, ‘यात तत्त्वज्ञान कुठे आहे?’ म्हणून विचारतात. मला वाटतं, ते त्या घागरींतच आहे. भीती जिथे राहत होती तिथेच लेखिका तिला गाठते.

आता त्या शिक्षिकेचं वाक्य आठवा. ‘भीती गेली की फॉर्म भरीन.’ लक्ष्मीबाईंनी हा क्रम पाळला असता तर त्या पंढरपुरातून निघाल्याच नसत्या. नगरला येताना त्यांची भीती जशीच्या तशी होती. म्हणून तर वेगळी चूल मांडली. चूल वेगळी, पण गाव एक. भीतीला तिची जागा दिली आणि स्वतःही तिच्या शेजारी राहिल्या. टिळकांना लागली तेवढीच वर्षं त्यांनाही लागली असती तर ते सोयीचं झालं असतं. तसं झालं नाही, आणि लेखिकेला त्याची लाज वाटत नाही.

सांगणारी आणि सोसणारी

इथे संशोधक म्हणून एक सावधगिरी घ्यायला हवी. हे पुस्तक अतिशय विनोदी आहे. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, स्वतःचा हेका, फजितीचे प्रसंग, सगळं त्या इतक्या हसत सांगतात की वाचणाऱ्याला वाटतं, ही बाई मुळात घाबरट नव्हतीच.

पण हसणारी कोण आहे? साठी ओलांडलेली लेखिका. आणि सोसणारी? नवऱ्यानं धर्म सोडला हे कळल्यावर कोसळलेली २६ वर्षांची मुलगी. आत्मचरित्राच्या अभ्यासात ‘सांगणारी मी’ आणि ‘सांगितली जाणारी मी’ असा भेद करतात तो याचसाठी. दोघींचं नाव एक, पण दोघींमध्ये चाळीस वर्षांचं अंतर आहे.

तुमच्यासाठी एक सोपी युक्ती. वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे प्रसंगातल्या लक्ष्मीबाई काय करतात ते लिहा, रडतात, आजारी पडतात, रागावतात, गप्प बसतात. उजवीकडे सांगणाऱ्या लक्ष्मीबाई त्याबद्दल कोणत्या सुरात बोलतात ते लिहा. मी हे केलं तेव्हा उजवा रकाना हसण्यानं भरला आणि डावा अश्रूंनी. दोन रकाने एकमेकांशी जुळत नाहीत. पुस्तकाचं सगळं सामर्थ्य या न जुळण्यात आहे.

आणि मर्यादाही तिथेच आहे. मी या पुस्तकाची भक्त आहे, पण समीक्षा करायची तर हेही सांगायला हवं. हसून सांगितल्यामुळे काही दुःखं निसटतात. टिळकांनी घर वाऱ्यावर सोडलं त्या दिवसांत लक्ष्मीबाईंचा राग नुसता गंमतीचा नसणार. म्हातारपणीच्या मायेनं त्या रागाच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आहेत. बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांत त्यांच्या मनात कधी शंका आली का, मागे फिरावंसं वाटलं का, याबद्दल पुस्तक फारसं बोलत नाही. प्रार्थना कशी करायच्या, देवाशी काय बोलायच्या, हेही ओझरतंच कळतं. ज्या बाईनं शेजारणींच्या भांडणाचा आवाजसुद्धा नेमका पकडला, ती इथे आवरतं घेते. हा संकोच असेल, कुटुंबाची आणि समाजाची आब राखणं असेल. कारण काहीही असो, गाळलेल्या जागेची नोंद आपण करायची. ती आपल्या श्रद्धेनं भरून टाकायची नाही आणि आपल्या संशयानंही नाही.

पाचारण नावाचा शब्द

मराठी ख्रिस्ती भाषेत एक सुंदर शब्द आहे, पाचारण. देवानं माणसाला एखाद्या कामासाठी बोलावणं. मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे गोदाकाठी एकादशी धरणारं घर. तरीही हा शब्द मला ‘ध्येय’ किंवा ‘करिअर’पेक्षा बरा वाटतो, कारण त्यात हाक मारणारा कुणीतरी दुसरा आहे. आपण नुसतं स्वतःला हवं ते करत नाही, कुणाला तरी ओ देतो.

लक्ष्मीबाईंना असं पाचारण केव्हा झालं? पुस्तकात शोधलं तर दचकायला होतं, कारण त्यांच्या वाट्याला आलेलं जवळजवळ प्रत्येक मोठं काम सुरुवातीला दुसऱ्याचं होतं. अक्षरओळख नवऱ्याच्या हट्टानं झाली. ख्रिस्ती श्रद्धा आधी नवऱ्याची. निराधार मुलं टिळक घरी आणत आणि त्यांना वाढवणं हिच्याकडे येई. बालकवी ठोमरेही या घरात मुलासारखे राहिले. प्लेगच्या दिवसांतली शुश्रूषा, लोकांसमोर उभं राहून बोलणं, पुढे वैधव्यात मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी, यातलं काहीच तिनं लहानपणी ठरवलेलं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’सुद्धा मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी मागत होता, त्यातून उगवलं.

सगळ्यात मोठं उदाहरण ‘ख्रिस्तायन’चं. ख्रिस्ताचं जीवन मराठी काव्यात आणायचं हा टिळकांचा संकल्प. सुरुवातीचे दहा-अकरा अध्याय लिहून ते गेले. पुढचे तब्बल ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. जन्मभर ज्याला ‘टिळकांचं काम’ म्हटलं गेलं त्याचा बहुतेक भाग हिच्या हातचा, आणि तो पुस्तकरूपात तिनं पाहिलाही नाही.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, ‘ताई, हे पाचारण कसलं? ही तर नवऱ्याची अपुरी कामं उरकणारी बायको.’ हा आक्षेप हलका नाही. स्त्रियांना ‘धीर धर, तुझी वेळ येईल’ असं सांगण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे आणि तिचा फायदा बहुधा दुसऱ्यालाच होतो. लक्ष्मीबाईंचा धीर हा बराचसा नाइलाज होता. पंढरपूरच्या वर्षांत त्यांच्यासमोर निवडीला फारसं काही नव्हतं. त्या वर्षांना ‘संयमाची साधना’ म्हटलं तर आपण त्यांच्यावर अन्याय करू. मी मसुद्यात एकदा तसं म्हटलं होतं. तेही खोडलंय.

पण मग एक फरक करता येतो का पाहा. वाट बघणं वेगळं आणि वाढणं वेगळं. वाट बघणारा जिथल्या तिथे असतो, फक्त तारीख पुढे सरकते. लक्ष्मीबाई त्या वर्षांत कविता करत होत्या. लोकांकडे बघत होत्या, त्यांचं बोलणं कानात साठवत होत्या. ‘स्मृतिचित्रे’मधली जिवंत, घरगुती, ठसकेबाज मराठी १९३४ मध्ये अचानक कुठून आली नाही. ज्या वर्षांत तिच्या हातून ‘काहीच घडत नव्हतं’, त्याच वर्षांत ती भाषा साठत होती. परिस्थिती तिनं निवडली नाही. त्या परिस्थितीत बघायचं कसं, हे मात्र तिचं होतं.

दोन शीर्षकं, एक धडा

हा वाद भाषांतरांच्या शीर्षकांतही दिसतो. १९५० मध्ये ई. जोसेफिन इंक्स्टर यांचं इंग्रजी भाषांतर आलं, ‘आय फॉलो आफ्टर’. २०१७ मध्ये शांता गोखले यांचं आलं. त्याचं उपशीर्षक ‘द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’. दुसऱ्यात ‘पत्नी’ हा शब्दच आहे, जोडीला ‘बाणेदार’ असं विशेषण. पहिलं वाचून मला राग आला होता. ‘मी मागोमाग येते’! नवऱ्याच्या मागून चालणारी बायको, आणखी काय?

मग एका ख्रिस्ती मैत्रिणीनं मला बायबल उघडायला लावलं. फिलिप्पैकरांस पत्र, तिसरा अध्याय, बारावं वचन. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये हेच शब्द पौलाच्या तोंडी आहेत, आणि तिथे नवरा-बायकोचा काही संबंध नाही. आपण अजून पोहोचलो नाही, पूर्ण झालो नाही, पण त्याचा ध्यास सोडलेला नाही, असा तिथला भाव. दोनच वचनं पुढे मराठी बायबलमध्ये ‘पाचारण’ हा शब्दही येतो. भाषांतरकर्तीच्या मनात नक्की काय होतं ते मी सांगू शकत नाही. पण ख्रिस्ती वाचकाच्या कानाला त्या शीर्षकात पौलाचा आवाज ऐकू येणार, आणि माझ्या कानाला फक्त टिळकांच्या पावलांचा आवाज आला होता. दुसऱ्या परंपरेचा मजकूर वाचताना ती परंपरा जाणणाऱ्या कुणाला तरी विचारायला हवं, हा साधा धडा मला उशिरा मिळाला.

ते वचन वाचल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं आणि ‘पोहोचले नाही, पण सोडलं नाही’ हे वर्णन लक्ष्मीबाईंना चपखल बसतंय असं दिसलं. एवढंच नाही, ते टिळकांनाही बसतं. ज्यांची गोष्ट मी एका आगगाडीत संपवली होती त्या टिळकांनी १९१७ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. म्हणजे त्यांनाही एका प्रकाशात सगळं मिळालं नव्हतं. साचा नवऱ्यालासुद्धा अपुराच पडत होता.

मूळ मराठी शीर्षक मला या दोहोंपेक्षा प्रामाणिक वाटतं. स्मृतिचित्रे. आठवणीतली चित्रं. त्यात प्रगतीचं आश्वासन नाही आणि विजयाची घोषणाही नाही. एकेक चित्र बघत जायचं. ती ओळीनं लावून त्यांतून ‘भीतीकडून धैर्याकडे’ असा रस्ता आखायची घाई आपली असते.

तुम्ही वाचायला घ्याल तेव्हा

कामाच्या काही गोष्टी. पहिली, आवृत्ती बघून घ्या. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत लिहिलं गेलं आणि बाजारात त्याच्या संक्षिप्त आवृत्त्याही फिरतात. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टिपांसह सिद्ध केलेली आवृत्ती संशोधनासाठी जवळ ठेवा. संक्षिप्त प्रतीत गाळलेली पानं बहुधा अशी असतात की जिथे ‘काही घडत नाही’, आणि वाढ तर तिथेच होत असते. दुसरी, लक्ष्मीबाईंच्या आठवणींना तारखांचा आधार बाहेरून द्या, पण तारीख जुळली नाही म्हणून आठवण खोटी ठरवू नका. आणि ‘निर्णायक’, ‘अखेर’, ‘त्या क्षणी’ असे शब्द तुमच्या मसुद्यात आले की पेन्सिल घ्या आणि स्वतःला विचारा, ‘मग आधीचं काय?’

त्या शिक्षिकेला मी शेवटी काय लिहिलं ते सांगते. मी स्वतः नोंदणी केली तेव्हा ३९ वर्षांची होते. आरआरसीसमोर प्रेझेंटेशन देताना हात इतके कापत होते की कागद टेबलावर ठेवूनच वाचले. समितीतल्या एकांनी वयाबद्दल गमतीनं काहीतरी विचारलं, सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन तासभर नुसती बसून होते. भीती गेली नव्हती. पुढच्या प्रेझेंटेशनलाही ती आलीच, फक्त कागद हातात धरता आले.

तिला मी कळवलंय की भीती असतानाच फॉर्म भर. आणि ती नेमकी कशाची आहे ते एका कागदावर लिहून काढ, परीक्षेची, इंग्रजी वाचनाची, घरच्यांच्या बोलण्याची, की आणखी कुणाकडून वारशानं आलेली. लक्ष्मीबाईंसारखी तिला थोडे दिवस वेगळी चूल मांडून दे हवं तर. हाक तुला आलीय की नाही हे मला ठरवता येणार नाही. ते इतक्या लवकर तुलाही ठरवता येईल असं नाही.

तिचं उत्तर काल आलं. फॉर्म भरलाय. खाली लिहिलंय, ‘पहिला भाग वाचायला घेतला. ताई, हिचे वडील अगदी माझ्या आजीसारखे आहेत हो.’

मला वाटतं, तिचं संशोधन सुरू झालंय.